गाई, गोगटे आणि आमचा ओढा

गोठ्यामागचा शेणाचा ढीग वाढताना कुणी पाहिलाय? रोज पाटी-दोन पाटी पडते, कुणाचं लक्षही नसतं. मग एक दिवस पलीकडच्या माणसाला हाक मारायला जावं, तर ढिगाआड माणूसच दिसत नाही! किस्स्यांचंही तेच होतं बघा. मी शेठच्या डेअरीवर लागलो तो गाईंचं औषधपाणी करायला. किस्से गोळा करायला थोडाच लागलो होतो? पण आता दोस्तमंडळी चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "राऊत, ती बोंबलाची सांगा," "ती सासरेबुवांची सांगा," आणि मी ढीग उकरायला बसतो. जुनं शेण बरं का. वास येतो, पण घाण येत नाही!

तर डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून शेठची जमीन. खाली चिकूची वाडी, वर माळ, मधून वाहणारा ओढा. महाराष्ट्र व्हायच्या आधीचे दिवस. राज्य मुंबई आणि आमचा जिल्हा ठाणे. शेठ इराणी. वडलांनी चिकू लावले, यांनी गाई आणल्या, गीरच्या, तांबड्या, लांब कानांच्या. शेठ गुजरातीत विचार करायचे, मराठीत हुकूम द्यायचे आणि अगदीच डोकं फिरलं तर इराणीत सुरू व्हायचे. ते इराणीत गेले की आम्ही सगळे हळूच गोठ्यात जायचो.

गाई दिवसभर मोकळ्या. आणि मोकळ्या गाईला काय आवडतं? ओढा! सावली तिथे, हिरवा चारा तिथे, पाणी तिथे. मग उभ्या आहेत बाईसाहेब पोटापर्यंत पाण्यात, दिवसभर. खाणं काठावर आणि बाकीचं सगळं पाण्यात! काठ तुडवून तुडवून नुसता चिखल झाला होता. उन्हाळ्यात धार आटली की खालच्या पाड्याजवळचा डोह हिरवागार व्हायचा, वर शेवाळाची जाड साय. आणि पाडा तेच पाणी प्यायचा. आम्ही रोज बघत होतो, पण ओढा म्हटला की गाई आल्याच, असं धरून चाललो होतो.

* * *

आमचा मुख्य गुराखी रूपजी, त्याच पाड्यावरचा वारली. त्याची बायको सोमीबाई. दोघांची धाकटी मुलगी त्या उन्हाळ्यात जुलाबांनी पार वाळून गेली होती; दवाखान्यातून जेमतेम उठून घरी आली होती.

एका सकाळी शेठ ओट्यावर चहा पीत बसले होते. सोमीबाई सरळ वर आली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. रूपजी खालून डोळ्यांनी तिला "चल, चल" करत होता. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"शेठ, याच्यात चहा करा."

शेठ हसले. त्यांना वाटलं, बाईने काहीतरी भेट आणली. तांब्या उचलून नाकाशी नेला आणि हसू गेलं. परत वास घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राऊत, आ तो आपणी गाय छे!"

"गायच हाय," सोमीबाई म्हणाली. "पन शेठ, आमी दूध नाय मागत. पानी मागतो!"

शेठने तो चहा तसाच ठेवला. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "पुण्याहून शिकलेला माणूस बोलाव. गाई पण राहिल्या पाहिजे, पाणी पण राहिलं पाहिजे."

* * *

आणि आले गोगटे! शेतकी कॉलेजात शिकलेले, खाकी हाफपँट, सोला हॅट, पायात बूट. बूट पहिल्याच दिवशी ओढ्याच्या चिखलाने घेतले. पाय निघाला, बूट नाही निघाला!

दुसऱ्या दिवशी सगळ्या गुराख्यांना चिंचेखाली बसवून गोगट्यांनी भाषण दिलं. "पाळीपाळीने चराई हा यावरचा उपाय आहे. माळाचे चार कप्पे पाडायचे. एका कप्प्यातलं गवत वीतभर राहिलं की गाई पुढच्या कप्प्यात. गवत पुनश्च वाढेल, मुळं मृत्तिका धरून ठेवतील, शेण-मूत्र भूमीत जिरेल, प्रवाहात जाणार नाही. आणि ओढ्याच्या दोन्ही तीरांना कुंपण!"

'मृत्तिका' ऐकून दोघं जण एकमेकांकडे बघायला लागले. रूपजी उठला, मंडळींकडे तोंड करून म्हणाला, "सायेब बोलतो, गाय पावनी हाय. एका घरी लय दिवस ठेवायची नाय. जेवली की फुडच्या घरी!"

सगळ्यांनी माना हलवल्या. गोगट्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्या दिवसापासून पुस्तकी शब्द गेले. पुढे मोठमोठे पाहुणे यायचे तेव्हाही गोगटे हेच सांगायचे, "आमच्याकडे गाय पाहुणी आहे." आणि वर, "हे रूपजीचं वाक्य," असंही न विसरता सांगायचे.

* * *

कप्पे पडले, पण गोगट्यांना समाधान नाही. शेण सगळीकडे सारखं पडतंय का? की सावलीच्या झाडाखालीच ढीग होतोय? हे कळणार कसं?

मग त्यांनी बांबूच्या काड्या आणवल्या, त्यांना लाल, पिवळी, निळी कापडं बांधली आणि जिथे शेणाचा पो पडेल तिथे एकेक काडी रोवायला लावली. प्रत्येक दिवसाचा रंग वेगळा. थोड्याच दिवसांत अख्खा माळ झेंड्यांनी भरला! वारा सुटला की सगळं फडफडायचं. काय शोभा होती!

तलासरीची एसटी रस्त्याने चालली होती. ड्रायव्हरने गाडीच थांबवली. खिडक्यांतून डोकी बाहेर. एका टोपीवाल्याने रूपजीला हाक मारली, "काय रे, इलेक्शन लागलं काय?"

रूपजी म्हणाला, "नाय. शेन हाय!"

* * *

कुंपणाला गोगट्यांनी मोगली एरंड निवडला. फांद्या तोडून खोचल्या की जगतो, आणि गाय त्याला तोंड लावत नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांना हिरवी भिंत उभी राहिली. सगळ्या गाईंनी ती मानली. एक सोडून.

तिचं नाव होतं शेठाणी. म्हणजे नाव आम्ही ठेवलेलं, खाजगीतलं! चालणं संथ, नजर वरची, आणि दावणीला पहिली जागा मिळाली नाही तर दूध चोरायची. खरी शेठाणी, म्हणजे शेठची बायको, तिला आम्ही 'बाई' म्हणायचो. त्यामुळे घोटाळा व्हायचं काही कारण नव्हतं.

पण झाला! मुंबईहून बाईंच्या माहेरची मंडळी आली होती. ओट्यावर वेताच्या खुर्च्या, जाळीचे रुमाल, मावा केक. मी तिथेच एका पाहुण्याला चिकूच्या जाती सांगत होतो. तेवढ्यात माळावरून एक गुराखी धापा टाकत आला आणि ओरडला, "राऊतभाऊ! शेठानी वड्यात बसली! निघतच नाय! काठी आना!"

पाहुण्याच्या हातात केक तसाच. शेठ आधी बाईंकडे बघतायत, मग माझ्याकडे. रूपजी मागून आलेला, त्याने सावरायला म्हणून आणखी भर घातली, "ही नाय शेठ, दुसरी!"

आता तर शेठचं इराणी सुरू होणार! पण बाईच उठल्या. साडीचा काठ सावरला, पायांत चपला घातल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "चला राऊत. मला पण बघू दे, दुसरी कोण छे ते!"

बाई ओढ्यावर गेल्या. शेठाणी पाण्यातून मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाव बराबर आहे."

* * *

गाईंनी ओढ्यावर जायचं नाही, तर त्यांनी प्यायचं कुठे? गोगट्यांनी वर माळावर सिमेंटचा मोठा हौद बांधला. इंजिन लावून विहिरीचं पाणी त्यात सोडलं. स्वच्छ, निळं पाणी. गाई आल्या, वास घेतला, आणि मागे फिरल्या! नवीन सिमेंटचा वास त्यांना सहन होईना. सकाळ गेली, दुपार झाली. तहानेने जिभा बाहेर, पण हौदाला तोंड लावेल तर शपथ!

गोगटे घायकुतीला आले. म्हणाले, "राऊत, यांना विश्वास वाटत नाहीये. कुणीतरी पिऊन दाखवायला हवं." आणि हॅट माझ्या हातात देऊन, हौदाच्या कडेला गुडघे टेकून, त्यांनी चक्क पाण्यात तोंड घातलं! ओंजळीने नाही हो. गाईसारखं, ओठ लावून! गाई गोल करून बघायला लागल्या. मी म्हणतोय, "अजून थोडं साहेब! तांबडी पुढे येतेय!"

नेमक्या त्याच वेळी मागे टांगा थांबला. त्यातून उतरले बोर्डीचे एक मास्तर. उपरणं, छत्री, कपाळाला गंध. मुलीसाठी स्थळ बघायला आलेले, न कळवता.

"गोगटे कुठे भेटतील?"

मी हॅटने दाखवलं.

गोगट्यांनी डोकं वर काढलं. मिशांतून पाणी निथळतंय, नाकाला सिमेंट, बाजूला तांबडी. मास्तरांनी नमस्कार केला. गोगट्यांनी केला. दोघांनी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले. मास्तर निघून गेले. टांगा दिसेनासा झाल्यावर गोगटे हौदाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "राऊत, हे स्थळ गेलं!" आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलेलो, आणि मागून आवाज आला, घुटुक, घुटुक. तांबडी पाणी पीत होती!

पुढच्या रविवारी मास्तर परत आले. म्हणाले, "घरी जाऊन मुलीला सांगितलं, की मुलगा कामात अगदी गळ्यापर्यंत बुडालेला आहे."

गोगटे घाबरत म्हणाले, "मग?"

"मग काय! ती म्हणाली, चालेल!"

* * *

आता बोंबलाची. धाकट्या डहाणूची जानकीमावशी सुकी मासळी घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायची. डोक्यावर पाटी, नेसू गुडघ्यापर्यंत, आवाज असा की भरती-ओहोटीतून ऐकू जावा. आमच्याकडे आली की चिंचेखाली पाटी उतरवायची आणि घटकाभर गप्पा मारायची.

एकदा अशीच गप्पांत असताना तिने मागे बघितलं, तर शेठाणी गाय पाटीत तोंड घालून निवांत रवंथ करतेय! सुके बोंबील फस्त!

मावशीने जी काय सुरुवात केली! गोगटे धावत आले. "मावशी, काहीतरी चुकतंय तुमचं. गाय शाकाहारी प्राणी आहे!"

"शाकारी?" मावशीने गाईच्या तोंडातून लोंबणारी बोंबलाची शेपटी दाखवली. "मंग सांग तुझ्या शाकारी गाईला, ऱ्हायलेली शेपटी पन खा म्हनावं!"

गोगटे भांडत राहिले नाहीत. विचारात पडले. गाईला मासळी नकोय, मीठ हवंय! दुसऱ्या दिवशी त्यांनी मिठागरातून जाड मिठाची पोती आणवली आणि माळाच्या पार वरच्या टोकाला, ओढ्यापासून लांबात लांब, मिठाची गव्हाण ठेवली. झालं! गाई आपण होऊन वर जायला लागल्या. गुराख्यांचं ओरडणं अर्ध्यावर आलं.

शेठने मावशीला बोलावून सांगितलं, "नुकसान झालं, तू आमचं दूध घेऊन जा."

मावशी नाक मुरडून म्हणाली, "नको शेठ. बोंबलाचा वास यायचा त्याला!"

* * *

सगळे दिवस हसण्याचे नव्हते. एक साल पाऊस लवकर संपला. माघातच माळ करपला. चारही कप्पे बोडके. गाईंच्या बरगड्या दिसायला लागल्या. हिरवं होतं ते फक्त ओढ्याचे काठ, कुंपणाच्या आत राखलेले. तिथलं गवत छातीएवढं वाढलेलं.

शेठने हुकूम दिला, "काठ उघडा."

गोगटे म्हणाले, "शेठ, एकदा गाई आत गेल्या की काठ गेला, डोह गेला. आपण केलेलं सगळं पाण्यात जाईल. म्हणजे खरंच पाण्यात जाईल."

"माझी गाय भुकी मरते, ने तू गवत सांभाळते?" शेठ ओरडले. पण ओरडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलंय. रोज सकाळी ते एकेका गाईच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि कुणाशी न बोलता घरात जायचे. चूक कुणाचीच नव्हती हो. गोगट्यांनी खोलीवर जाऊन ट्रंक भरली. कुंपण सकाळी तोडायचं ठरलं.

सकाळी आम्ही कोयते घेऊन निघालो, तर समोरून पाड्यावरच्या बाया येत होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर भाताचा पेंढा. आपल्या बैलांसाठी, घर शाकारायला जपून ठेवलेला. पुढे सोमीबाई. तिने भारा ओट्यासमोर टाकला.

"गाई उपाशी हायत ना? घ्या. पन काठ नका उघडू शेठ. आमची पोरां आता आजारी पडत नाय."

मी आपला सवयीने काटा आणायला वळलो, आलेला चारा तोलायची आमची पद्धत होती. शेठ एवढ्या मोठ्याने ओरडले की मी जागीच थांबलो.

"राऊत! काटा ठेव! ही वजन करायची वस्तू नाय!"

मग ते स्वतः वाडीच्या फाटकाशी गेले. चिकूखालच्या गवताला त्यांच्या वडलांच्या वेळेपासून कुणी हात लावलेला नव्हता. झाडांचा गारवा जातो म्हणायचे. शेठने फाटक उघडलं आणि म्हणाले, "कापा. काठ सोडून जे पाहिजे ते कापा."

पाऊस येईपर्यंत गाई तगल्या. एकही गेली नाही. आणि गोगट्यांची ट्रंक त्याच दुपारी पलंगाखाली परत गेली. कुणी ढकलली म्हणता? शेठना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं. तरी वाकले होते!

* * *

आता त्यातलं फार कुणी उरलं नाही. शेठ गेले, बाई गेल्या, गोगटे पुढे दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर गेले. रूपजी मला वाणगावच्या बाजारात भेटला होता, काठी टेकत. आम्ही दोघं रस्त्यातच उभे राहून इतके हसलो की भाजीवालीने हटकलं. पण शेवटी सांगतो ती गोष्ट तेव्हाची, सगळे होते तेव्हाची. काठ राखायला लागून बरीच वर्षं झाली होती. मोगली एरंड माणसापेक्षा उंच झाला होता. उन्हाळ्यातही डोहाचा तळ दिसायला लागला होता.

एक दिवस जानकीमावशी पाड्यावर गेली. नेहमीसारखी हाळी दिली. कुणी बाहेर येईना! दुसऱ्या दारात गेली, तिथेही तेच. शेवटी ओढ्यावर गेली, तर बाया कमरेएवढ्या पाण्यात.

"काय गं, आज आख्ख्या पाड्याला उपास हाय काय?"

सोमीबाईने पाण्यातून बांबूचा विणलेला सापळा वर काढला. आत चांदीसारखे मासे उसळत होते.

"हे कुठनं आनलंस?"

"इथनंच."

"या वड्यातनं? गाईंच्या?"

मावशी तणतणत डेअरीवर आली. गोगटे हिशेबाच्या टेबलाशी बसलेले. पाटी धाडकन टेबलावर! "काय रे सायबा! तू गाईवाला ना? मंग गाई राख की! माझ्या धंद्यात कशाला शिरलास?"

गोगट्यांना काही कळेना. तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि ओढत ओढ्यावर नेलं. मी मागोमाग. गोगटे काठावर उभे राहिले, पाण्यात बघितलं. दगडांच्या सावलीतून माशांची एक रांग गेली, मागून दुसरी. गोगट्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. परत काढला.

सोमीबाईने पळसाच्या पानात मूठभर मासे बांधले आणि मावशीच्या पाटीत ठेवले. "घेऊन जा मावशी. घरी चाखून बघा."

ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना मासे दिले, तिला मासे देणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं होतं. एवढी बोलणारी बाई, पण हाळीही न देता वाटेला लागली.

पुढचं तिनेच आठवड्याने सांगितलं. घरी गेली, तर नवरा समुद्रावरून येऊन ओट्यावर जाळं विणत बसलेला. तिने पान सोडलं. त्याने एक मासा उचलला, उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. सगळा जन्म दर्यात गेलेला माणूस, पण ओळख पटेना.

"जानके, कुठल्या बोटीतलं गं हे?"

"बोटीतलं नाय," मावशी म्हणाली. "गोठ्यातलं!"